बाहीची उघडी नोंद

माझा भाऊ हातांनी लांब. आई म्हणायची, याला घडवताना हात लावायचे राहूनच गेले होते, मग ऐनवेळी कुणा मोठ्या माणसाचे उरलेले लावून दिले. तयार शर्ट त्याला जन्मात बसला नाही. मनगटं कायम बाहेर. आणि बहीण कोण, तर शिवणकाम करणारी! गिऱ्हाईक यायचं, याच्या मनगटांकडे बघायचं, मग माझ्याकडे बघायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या दुकानात रोज संध्याकाळी येऊन बसायचा.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. दोन मशीन, कापायचं लांब टेबल, काचेचं दार, आणि एक आरसा, ज्यात माणूस जरा बारीक दिसायचा. तो आरसा मी मुद्दाम ठेवला होता, खोटं कशाला बोलू. मागे दुसरी खोली, तिची खिडकी गल्लीत उघडायची. भाऊ दिवसा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात तिथले कॉम्प्युटर सांभाळायचा आणि संध्याकाळी या मागच्या खोलीत येऊन आणखी एका कॉम्प्युटरपुढे बसायचा. गिऱ्हाईक विचारायचं, "आत कोण आहे हो? काय करतात?" मी म्हणायचे, "उसवतोय."

खोटं नव्हतं ते. कॉम्प्युटरला काम सांगायचं तर त्याच्या भाषेत सांगावं लागतं, आणि अशी एक भाषा होती जिला मालक नव्हता. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, सगळ्यांना फुकट. वाटेल त्याने आतला टाका नि टाका बघावा, चूक दिसली तर दाखवावी, जमलं तर दुरुस्त करावी. त्या चुकांना ही मंडळी बग म्हणतात. कुणाला बग सापडला की तो इंटरनेटवरच्या एका सार्वजनिक फळ्यावर नोंद करायचा, आणि माझा भाऊ त्या नोंदी तपासायचा. पगार नाही, खुर्ची नाही, हार नाही. मी विचारलं होतं एकदा, "अरे, मग मिळतं काय?" म्हणाला, "चूक मिळते ना." आता यावर माणसाने काय बोलावं?

तपासायची त्याची एक रीत होती. लोक हा एवढा मोठा प्रोग्राम पाठवायचे आणि खाली लिहायचे, चालत नाही. हा त्यातली एक ओळ काढायचा, चालवून बघायचा. चूक राहिली? मग ती ओळ निर्दोष. आणखी एक काढायचा. असं काढत काढत चार-दोन ओळी उरल्या आणि तरीही चूक तिथेच असली, की म्हणायचा, "आता सापडलास." फळ्यावर सगळ्यांना त्याचा एकच सल्ला, काढून बघा. तिकडच्या लोकांनी त्याचं नावच 'काढून-बघ' ठेवलं होतं. घरातही तेच. माझं डोकं दुखलं की म्हणायचा, "ताई, दुपारचा चहा काढून बघ." मी म्हणायचे, "थांब, आधी तुलाच काढून बघते."

दुसरा त्याचा नियम मात्र मला पटायचा. चूक दुरुस्त झाली हे दुरुस्त करणाऱ्याने म्हणायचं नाही. ज्याने तक्रार आणली त्याने करून बघायचं आणि झालं म्हणायचं. तोवर नोंद उघडी. आमच्या धंद्यातही तसंच असतं. मी कितीही म्हटलं छान बसलंय, तरी घालणाऱ्याने हात हलवून बघेपर्यंत काही खरं नाही.

माझी भावजय आमच्याकडे आली ती गिऱ्हाईक म्हणून. शाळेत गणित शिकवायची. एक झगा कमी करायला घेऊन आली होती. मी टाचण्या शोधत होते, तेवढ्यात ही आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली, कारण आतून पुटपुटणं ऐकू येत होतं. "काय अडलंय?" म्हणाली. झालं! मी टेप गळ्यात अडकवून उभी आणि ही दोघं आत कचाकचा वाद घालतायत, दोन आणि तीनच्या मधे किती आकडे असतात यावरून. मी तिचं माप घेईपर्यंत तिने माझ्या भावाचं माप घेतलं होतं.

लग्नानंतर आतल्या खोलीत दुसरं टेबल आलं. जागा एवढी कमी की दोघं पाठीला पाठ लावून बसायची. मला ती एरवी ताई म्हणायची, आणि काही काम काढायचं असलं की लाडात येऊन "वन्सं". एक दिवस म्हणाली, "वन्सं, यांना एक धड कोट का नाही शिवत तुम्ही?"

"शिवला असता गं. पण त्या हातांना बाही कशी बसवू? बाहीच्या माथ्याचं वळण नेहमीच्या मापांनी येतच नाही. अंदाजाने कापते आणि फसते."

"अंदाज कशाला? गणित आहे की."

आणि तिने खरंच प्रोग्राम लिहिला, भावाच्या त्या फुकट भाषेत. त्याला हाताची लांबी, दंडाचा घेर, खांदा सांगायचा. मग तो आकड्यांची एक रांग छापायचा. खांद्याच्या टोकापासून खाली काखेपर्यंत, दशांशाच्या बारीक बारीक पायऱ्यांनी, कुठे बाही किती रुंद हवी ते. मी कागदावर खडूने तेवढे ठिपके द्यायचे आणि ते जोडायचे, की बाहीचं वळण तयार. पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाला वापरलं, आणि काय सांगू, अशी बाही मी आयुष्यात बसवली नव्हती. मी तिला तिथल्या तिथे मिठीच मारली. तोंडात टाचण्या होत्या, त्या आधी काढल्या.

मग भावाचा कोट घेतला. चांगलं करडं लोकरी कापड, आत काळं अस्तर. एक बाही कच्च्या टाक्यांनी लावली आणि त्याला घालायला दिली. "वर कर हात." त्याने हात वर केला आणि हाताबरोबर अख्खा कोट वर गेला! काखेत ओढत होती बाही. मी म्हटलं माझी कात्री चुकली, ती म्हणाली तिचं गणित चुकलं. चूक माझीच, नाही माझीच, असं म्हणत आम्ही दोघी तावातावाने भांडलो, आणि तो आपला एक हात वर करून मधे उभा.

शेवटी तिने आकडे परत मोजले. ठिपक्यांत शेवटचा ठिपकाच नव्हता. अगदी काखेतला. मी तो डोळ्यांनी जुळवून घेतला होता आणि तिथेच घोळ झाला होता. तिचा प्रोग्राम बरोबर होता. भाषाच शेवटची पायरी गिळत होती, आणि तीही सगळ्या मापांना नाही, काहींनाच. बाई अशी आनंदली की बस! लॉटरी लागल्यासारखी टाळ्या पिटत म्हणाली, "अहो, बग! तुमच्या भाषेत बग!"

तो म्हणाला, "नोंद कर."

"अरे देवा, मी इथेच आहे की. तोंडाने सांगते."

"तोंडी तक्रार घेत नाही. फळ्यावर नोंद कर."

मग तिने फळ्यावर रीतसर लिहिलं, जगाला दिसेल असं. त्याने, तिला पाठ लावून बसलेल्या तिच्या नवऱ्याने, तिथेच रीतसर उत्तर दिलं, "आपण पाठवलेला प्रोग्राम मोठा आहे. कृपया काढून बघावे." मागून आवाज आला, "आपण म्हणे! आपण आधी दूध आणून बघावे." मी बाहेर मशीनवर हसून हसून लोळायची बाकी होते. ते दिवस आठवले की अजूनही हसू येतं, आणि मग दुसरंही काहीतरी येतं.

ती शाळेच्या परीक्षांत अडकली होती, म्हणून छोटं करायचं काम त्यानेच केलं. एकेक ओळ काढत शेवटी इवलासा प्रोग्राम उरला. चूक पकडली, दुरुस्ती केली, आणि फळ्यावर लिहिलं, "दुरुस्त केले आहे. कृपया करून बघावे आणि कळवावे." तिने खाली लिहिलं, "उद्या करून बघते आणि सांगते."

लिहून उठली आणि बाहेर माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय." मी म्हटलं, "दुपारचा चहा काढून बघ." दोघी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्यातली एक शीर फुटली होती. त्यांनी आणखीही बरंच सांगितलं, मी ऐकलं नाही.

कोट मी घडी घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिला, एक बाही कच्च्या टाक्यांत लटकलेली, दुसरी लावायचीच राहिलेली. तिचा प्रोग्राम परत वापरायचा धीर मला झाला नाही. पुन्हा जुन्या कागदांवर आले, डोळ्यांच्या अंदाजावर.

भाऊ काही दिवसांनी पुन्हा आतल्या खोलीत बसायला लागला. तिचं टेबल हलवलं नाही त्याने. वर्षं गेली. त्याचे केस पांढरे झाले, माझे गुडघे बोलायला लागले, समोरचं चपलांचं दुकान जाऊन तिथे मोबाईलचं आलं. त्या फळ्यावरही जुनी माणसं कमी होऊन नवी पोरं आली. हा रोज संध्याकाळी कामाला बसायच्या आधी काहीतरी एक उघडायचा, थोडा वेळ वाचायचा आणि बंद करायचा. मला वाटायचं, कामच असेल.

एका सुट्टीच्या दुपारी तो बाहेर येऊन माझ्या कापायच्या टेबलावर बसला. टेबलावर बसलेलं मला चालत नाही हे त्याला पक्कं ठाऊक. मी ओरडणारच होते, पण त्याचा चेहरा बघून थांबले.

"ताई, तिची नोंद बंद होणार."

"कसली नोंद?"

मग सांगितलं. बाहीची नोंद अजून उघडीच होती, कारण झालं असं म्हणणारी राहिली नव्हती. आता फळ्यावर नोंदींचा डोंगर झाला होता, म्हणून पोरांनी आपोआप चालणारं एक यंत्र बसवलं होतं. ज्या नोंदीवर बरेच दिवस कुणी बोललेलं नाही तिच्यावर ते आधी सूचना लावायचं आणि महिनाअखेरीला ती बंद करून टाकायचं. सगळे त्याला झाडू म्हणत. झाडू तिच्या नोंदीपर्यंत पोचला होता.

माझं डोकंच फिरलं. "कोण टिकोजीराव लागून गेलेत हे? तू इतकी वर्षं राबलास तिथे, आणि तुला न विचारता?"

"त्यांचं काही चुकलं नाही गं. पसारा आवरायलाच हवा."

"मग तू एक ओळ लिही ना तिथे. झाडू थांबेल."

"काय लिहू? दुरुस्ती मीच केली आहे. अजून चूक आहे असं खोटं लिहू?" त्याने टेबलावरचा खडू उचलून परत ठेवला. "बंद होण्याचं नाही मला काही. पण त्यावर शिक्का काय मारणार माहितीये? तक्रार करणाऱ्याने उत्तर दिलं नाही. ताई, ती सांगते म्हणाली होती. तिने कधी शब्द मोडला का? आणि जगाला दिसणार, की बाई उद्या सांगते म्हणाली आणि फिरकलीच नाही."

एवढं बोलून तो रडला. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदा. ते लांब हात कुठे ठेवावेत हेही त्याला कळेना. तेव्हा मला उमगलं, रोज संध्याकाळी तो काय उघडून वाचत होता ते.

मी डोळे पुसले, त्याचे आणि माझे, त्याच एका चिंधीने. म्हटलं, "हे बघ, नियम काय तुझा? ज्याला त्रास झाला त्याने सांगायचं. बाही कुणाच्या हातून फसली? शिवली कुणी? तिने लिहिली ती तक्रार माझीच होती की रे. मी करून बघते आणि मी सांगते. उतर आधी टेबलावरून!"

कोट खाली काढला. लोकर शाबूत होती, नशीब. तिच्या जुन्या कॉम्प्युटरवरून त्याने तिचा प्रोग्राम आणला, जसाच्या तसा, एक अक्षर न हलवता, आणि त्याच भाषेच्या आताच्या नव्या आवृत्तीवर चालवला. मला म्हणाला, "कोट उसवायची गरज नाही, आकडे येतीलच बरोबर." मी म्हटलं, "आकड्यांना काख नसते. कागद दे."

मी ठिपके द्यायला लागले. खांद्याचं टोक, उतार, दंडाकडचं वळण. खाली खाली आले आणि खडू थांबला.

"अरे, पुढचा आकडा?"

"झाले सगळे."

"झाले कसे? काख कुठाय?"

"शक्यच नाही," तो म्हणाला.

"शक्य नाही तर ये आणि तुझ्या हाताने दे इथे ठिपका!"

तो कागदावर वाकला. मग आत गेला. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. आधी कीबोर्डचे आवाज, मग काहीच नाही. आत जाऊन बघते तर हा तिच्या खुर्चीवर बसलेला, स्वतःच्या नव्हे.

"ताई, ती वरून खाली मोजत होती," म्हणाला. "खांद्यापासून काखेकडे. उलटं मोजायचं तर एक ओळ जास्त लागते. मी छोटं करताना ती ओळच काढून टाकली, कारण ती काढूनही चूक दिसत होती. सरळ मोजणं दुरुस्त केलं, आणि उलटं तसंच राहिलं. इतकी वर्षं मी समजत होतो झालं म्हणून."

मला वाटलं हा आता पुन्हा रडणार. पण त्याच्या चेहऱ्यावर भलतंच काही होतं. "दुसऱ्याच दिवशी धरलं असतं तिने मला," तो म्हणाला. "आपण आपलंच डोकं काढून बघावे, असं लिहिलं असतं फळ्यावर, सगळ्यांसमोर." आणि हसला. अगदी तिच्या वेळी हसायचा तसा.

त्याने नोंदीवर सरळ लिहून टाकलं, की बग अजून जिवंत आहे, आणि मी गरजेपेक्षा जास्त काढलं, चूक माझी. झाडू मुकाट्याने बाजूला झाला. मग पुढचे दिवस आमच्या मागच्या खोलीत जी गडबड उडाली! फळ्यावरची पोरं गोळा झाली. आपला काढून-बघ चुकला, ही बातमी त्यांच्यात वणव्यासारखी पसरली. कुणी चिडवलं, कुणी मदत केली, एका मुलीने तर त्याची नवी दुरुस्ती दोनदा परत पाठवली, नीट नाही म्हणून. हा जेवताना तिच्यावर चरफडायचा आणि पानात वाढलेलं सगळं संपवायचा. किती वर्षांनी पोटभर जेवत होता.

दुरुस्ती झाली. तिचा प्रोग्राम परत चालवला, मी परत खडू घेतला. शेवटचा ठिपका आला, बरोब्बर काखेत.  उरलेल्या कापडातून बाही नव्याने कापली, दुसरीही कापली, दोन्ही पक्क्या शिवल्या. त्याला आरशासमोर उभा केला आणि कोट घातला. अंगात ढगळ झाला होता. तेव्हाचं माप तेव्हाचं होतं, मधे माणूस वाळला होता. पण मनगट झाकलं होतं. दोन्ही मनगटं.

"वर कर हात."

त्याने हात वर केला. कोट जागचा हलला नाही.

आत गेलो. त्याने नोंद उघडली आणि मला खुर्ची दिली. "तू लिही. नियम आहे." सगळ्यात वर तिचं सुरुवातीचं लिहिणं, मग याचं आपण-आपण, मग तिची ती ओळ, उद्या करून बघते आणि सांगते. त्याखाली हल्लीचा सगळा पोराटोरांचा गोंगाट. मी एका बोटाने, चष्मा पुसत पुसत, एकेक अक्षर शोधून लिहिलं: "तिच्या वतीने करून बघितलं. बाही बसली. झालं."

त्याने ते वाचलं. परत वाचलं. मग माऊस हातात घेऊन तसाच बसून राहिला.  शेवटी त्याने बोट दाबलं आणि नोंद बंद झाली.

"ताई," तो म्हणाला, "आता संध्याकाळी काय वाचू गं मी?"

 मी म्हटलं, "कोट काढ आधी. बटणं लावायची राहिलीत."

नाही काढला त्याने. तसाच बसून राहिला. मग मी सुई-दोरा घेऊन आले, तिची खुर्ची त्याच्यासमोर ओढली, आणि बटणं त्याच्या अंगावरच लावली.